चाचणी पॉझिटिव्ह आली. आता नैराश्याच्या गोळीचं काय करायचं?

गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह आली की काही बायका घरात बातमी सांगायच्या आधी एक काम गुपचूप उरकतात. नैराश्यासाठी चालू असलेल्या गोळ्यांची स्ट्रिप कपाटाच्या तळाशी ढकलतात किंवा सरळ कचऱ्यात टाकतात. डॉक्टरांना विचारत नाहीत. नवऱ्याला माहीत असलं तर तोही ‘बरं केलंस’ म्हणतो. सासूबाईंना या गोळ्या मुळात माहीतच नसतात, त्यामुळे त्या बंद झाल्याचं कळण्याचा प्रश्नच येत नाही.

ही भीती उगीचची म्हणता येणार नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. त्यानंतर ‘गरोदरपणात गोळी नको’ हे जगभर लोकांच्या मनात पक्कं बसलं, आणि बऱ्याचदा ते योग्यही असतं. नैराश्याच्या गोळ्यांबाबत मात्र गेल्या वीसेक वर्षांत लाखो गरोदर बायकांची माहिती तपासली गेली आहे. एवढी तपासणी झालेली औषधं गरोदरपणाच्या बाबतीत फार थोडी आहेत. त्यातून काय दिसलं ते समजून घेण्याआधी स्ट्रिप फेकू नये, एवढंच माझं म्हणणं.

गोळी नाही म्हणजे धोका नाही?

कुठलंही औषध न घेणाऱ्या, तब्येतीनं ठणठणीत बायकांच्या दर १०० बाळांमागे साधारण ३ बाळांत जन्मतः एखादं मोठं व्यंग असतं. कुणाचीही चूक नसताना असतं. गोळीमुळे काय होतं हे ठरवताना मोजणी या तीनपासून सुरू करायची असते, शून्यापासून नाही.

दुसरा मुद्दा घरात कुणी फारसा बोलत नाही. नैराश्य हाही आजारच आहे आणि त्याचा परिणाम पोटातल्या बाळावर होतो. भूक मरते, झोप उडते, वजन नीट वाढत नाही. तपासणीची तारीख चुकते, लोहाच्या गोळ्या तशाच पडून राहतात. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती वाढते. उपचार न झालेल्या नैराश्यात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचं आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं पूर्वलक्षण शोधायचं तर गरोदरपणातलं नैराश्य हे सगळ्यात ठळक. आणि तीव्र आजारात जीव देण्याचे विचार येतात. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची नोंद फार बारकाईनं ठेवली जाते. तिथं बाळंतपणानंतर दीड महिना ते एक वर्ष या काळातल्या आईच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं थेट कारण आत्महत्या आहे.

गंमत अशी की ‘आनंदी राहा गं, नाहीतर बाळावर परिणाम होतो’ हे वाक्य गरोदर बाईला दिवसातून चारदा ऐकवलं जातं. म्हणजे आईच्या मनाचा बाळावर परिणाम होतो हे आपल्याला मान्य आहे. त्यावरचा उपचार तेवढा मान्य नाही.

भारतातला आकडाही लहान नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आपल्याकडच्या ३८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. त्याआधी २००२ मध्ये गोव्यातल्या आयांचा अभ्यास छापून आला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं यांची छाया त्या आकड्यांवर स्पष्ट होती.

दोष गोळीचा की आजाराचा?

या विषयातला खरा गुंता इथं आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

गरोदर बायकांवर औषधाचा प्रयोग करता येत नाही. अर्ध्या जणींना गोळी, अर्ध्या जणींना नुसती साखरेची वडी असं कुणी करत नाही, करूही नये. त्यामुळे जुन्या नोंदी चाळायच्या, कुणी गोळ्या घेतल्या ते बघायचं आणि त्यांच्या बाळांची इतर बाळांशी तुलना करायची, एवढाच मार्ग उरतो. पण गोळी घेणारी बाई आणि न घेणारी बाई यांच्यात फरक फक्त गोळीचा नसतो. घेणारीला मुळात नैराश्य असतं. तिचं वय, वजन, मधुमेह, सिगारेट, सोबतची दुसरी औषधं, सगळंच वेगळं असू शकतं. पावसात छत्री घेऊन निघालेल्यांचे पाय घरी बसलेल्यांपेक्षा जास्त भिजलेले असतात; म्हणून छत्रीनं पाय भिजतात असं कुणी म्हणत नाही. नैराश्याच्या गोळ्यांबाबत मात्र पहिली काही वर्षं तसंच म्हटलं गेलं.

२००५ मध्ये पॅरॉक्सेटिन या गोळीमुळे बाळाच्या हृदयात दोष येतो अशी शंका आली आणि अमेरिकेच्या औषध नियामकानं, म्हणजे एफडीएनं, तिला गरोदरपणासाठीच्या धोक्याच्या ‘डी’ गटात टाकलं. मग सगळ्याच बहिणभावंड गोळ्यांकडे संशयानं पाहिलं जाऊ लागलं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे साडेनऊ लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. त्यातल्या ६४ हजारांवर बायकांनी पहिल्या तीन महिन्यांत नैराश्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. नुसती मोजणी केली तेव्हा गोळ्या न घेतलेल्यांच्या दर १०,००० बाळांत ७२ जणांना आणि घेतलेल्यांच्या १०,००० बाळांत ९० जणांना हृदयदोष होता. म्हणजे फरक दिसतो. मग संशोधकांनी नैराश्य असलेल्या पण गोळी न घेणाऱ्या बायकांशी तुलना केली, बाकीचे आजार आणि औषधं हिशेबात धरली. फरक जवळपास मिटला. जो उरला तो योगायोगानंही पडू शकतो इतका लहान होता.

स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, गोष्टही अशीच, पण तिचा उलगडा जास्त देखणा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडातल्या क्विबेकमधून बातमी आली: गरोदरपणाच्या शेवटच्या सहा महिन्यांत नैराश्याच्या गोळ्या घेतल्या तर मुलाला ऑटिझम होण्याचा धोका ८७ टक्क्यांनी वाढतो. आकडा वाचून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. २०१७ मध्ये स्वीडन आणि कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनी वेगळीच शक्कल लढवली. त्यांनी सख्खी भावंडं शोधली, ज्यांच्यापैकी एकाच्या वेळी आईची गोळी चालू होती आणि दुसऱ्याच्या वेळी नव्हती. आई तीच, बहुधा बापही तोच, आनुवंशिकता तीच, घर तेच. स्वीडनमधल्या एकट्या अभ्यासात १५ लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी होत्या. अशा भावंडांत ऑटिझमच्या प्रमाणात गोळीमुळे पडलेला फरक सापडला नाही. धोक्याची मुळं गोळीपेक्षा आईच्या आजारात आणि कुटुंबाच्या आनुवंशिकतेत होती.

त्याच स्वीडिश अभ्यासात एक गोष्ट मात्र टिकून राहिली: गोळी चालू असलेल्या वेळचं भावंड वेळेआधी जन्मण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळेच आरोप हवेत विरले असं नाही.

जे धोके खरे आहेत

गोळी नाळेतून बाळापर्यंत पोचते. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत ती चालू असेल तर जन्मानंतर पहिल्या एकदोन दिवसांत काही बाळं चिडचिडी होतात, अंग थरथरतं, श्वास जरा जलद चालतो, दूध नीट ओढत नाहीत, झोप लागत नाही. साधारण दहातल्या तिघांत असं काही ना काही दिसतं. बहुतेकांत ते सौम्य असतं, काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत आपोआप ओसरतं. बाळाला आईजवळ, अंगाला अंग लावून ठेवणं आणि थोडंथोडं पण वारंवार पाजणं हाच बहुधा उपाय. बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवलं की ते बाळावर लक्ष ठेवतात आणि विनाकारण चाचण्यांची रांग लागत नाही.

दुसरा धोका दुर्मीळ पण गंभीर. जन्मल्यावर बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या व्हायला हव्यात; कधीकधी होत नाहीत आणि बाळाला प्राणवायू पुरत नाही. २००६ मध्ये एका अमेरिकी अभ्यासानं म्हटलं की विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या घेतल्यास हा धोका सहापट होतो. ‘सहापट’ हा शब्द तेवढा गाजला. गोळी घेतलेल्या आयांची हा त्रास असलेली १४ आणि निरोगी ६ बाळं, एवढ्या मोजक्या बाळांवर तो आकडा उभा होता हे मागे पडलं. पुढे २०१५ मध्ये जवळपास ३८ लाख गरोदरपणांची माहिती तपासली गेली. गोळी न घेतलेल्यांच्या दर हजार बाळांत साधारण २, घेतलेल्यांच्या हजारात साधारण ३ बाळांना हा त्रास होता. बाकीची कारणं वजा केल्यावर हा फरकही बराच आकसला. २०११ मध्येच एफडीएनं आपला पूर्वीचा इशारा सौम्य केला होता.

कुठल्याही बातमीत ‘दुप्पट’, ‘सहापट’ दिसलं की आधी विचारावं, कशाच्या दुप्पट? हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पट, आणि दहात चाराचे आठ झाले तरी दुप्पटच.

तिसरी गोष्ट आईची. प्रसूतीच्या आधीच्या महिनाभरात या गोळ्या चालू असतील तर बाळंतपणानंतर रक्तस्राव जरासा जास्त होऊ शकतो. ब्रिटनच्या औषध नियामकानं २०२१ मध्ये ही सूचना दिली. गोळी बंद करण्यासाठी ती नव्हती. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना गोळीची माहिती असावी, विशेषतः आधीच रक्तस्रावाची शक्यता असलेल्या बाईच्या बाबतीत, यासाठी होती.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

मानसोपचाराची गोळी म्हणून सगळ्यांना एकाच पिशवीत कोंबलं जातं, तिथं खरी गफलत होते. सर्ट्रालिनचा अनुभव मोठा आहे आणि नव्यानं उपचार सुरू करायचे असतील तर बरेच डॉक्टर तिच्यापासून सुरुवात करतात. एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांचीही माहिती भरपूर आहे. पॅरॉक्सेटिन गरोदरपणात नव्यानं सुरू करायचं सहसा टाळतात. पण एखादीला एकाच गोळीनं बरं वाटलेलं असेल, बाकीच्या करून झाल्या असतील, तर ‘जास्त सुरक्षित’ म्हणून गरोदरपणात गोळी बदलणंही फायद्याचं नसतं. जुनी गोळी पोटात जाऊन झालेली असते, नवी लागू पडेल की नाही ठाऊक नसतं. बाळाला एकाऐवजी दोन औषधं आणि वर आजार.

आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून सर्रास मिळतात. ‘मी फक्त डिप्रेशनची गोळी घेते’ म्हणणाऱ्या कित्येकींच्या स्ट्रिपवर दोन नावं छापलेली असतात. क्लोनाझेपाम हे झोपेच्या, घबराटीच्या औषधांतलं. प्रसूतीच्या आसपास ते चालू असेल तर बाळ सुस्त आणि ढिलं पडू शकतं. शिवाय तेही एका झटक्यात थांबवायचं नसतं. तेव्हा स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा.

आणि एक औषध खरोखर घाबरावं असं आहे: सोडियम व्हॅलप्रोएट. ते फिट्सवर आणि बायपोलर आजारात देतात, नैराश्याच्या गोळ्यांच्या गटातलं ते नाही. ते घेणाऱ्या आयांच्या दहापैकी साधारण एका बाळात मोठं व्यंग येतं आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या चिठ्ठीवर हे नाव असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलणं भाग आहे. तेही स्वतः होऊन बंद करायचं नाही. फिट आली तर दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

मग चालू ठेवायची की नाही?

२००६ मध्ये अमेरिकेत २०१ गरोदर बायकांवर लक्ष ठेवलं गेलं. या सगळ्या पूर्वी तीव्र नैराश्यातून गेलेल्या आणि गोळ्यांवर बऱ्या झालेल्या होत्या. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या त्यांच्यापैकी २६ टक्के जणींचा आजार गरोदरपणात उलटला. ज्यांनी बंद केल्या त्यांच्यापैकी ६८ टक्के जणींचा. गरोदरपणातले हार्मोन मन सांभाळून घेतात, हा जुना समज त्या अभ्यासानं मोडीत काढला. अर्थात या बायका मोठ्या मनोविकार केंद्रांत उपचार घेणाऱ्या होत्या. नंतर साध्या दवाखान्यांतल्या बायकांच्या एका अभ्यासात इतका फरक दिसला नाही. यातून मला जे कळतं ते असं: वारंवार आजार उलटलेली, कधी स्वतःच्याच जिवावर उठलेली, इस्पितळात भरती झालेली बाई आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी गेल्यावर सहा महिने उदास राहिलेली बाई, यांना एकच सल्ला देणारा माणूस एकीचं तरी नुकसान करतोय.

दुसरीच्या बाबतीत मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवून, सोबत समुपदेशन घेऊन गोळी थांबवता येऊ शकते. सौम्य ते मध्यम नैराश्यात बोलून होणारा उपचार गोळीइतका उपयोगी पडतो आणि त्यासाठी दर वेळी पुण्या-मुंबईचा महागडा तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण भेटी मिळालेल्या गटात जास्त होतं.

पहिलीच्या बाबतीत मात्र गोळी थांबवणं हाच जुगार. अमेरिकेतल्या स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं जून २०२३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की केवळ गरोदर आहे किंवा अंगावर पाजते म्हणून नैराश्याचं औषध रोखू किंवा थांबवू नये. जुलै २०२५ मध्ये एफडीएनं बोलावलेल्या एका चर्चेत बहुतेक वक्त्यांनी पुन्हा गोळ्यांच्या धोक्यांवरच बोट ठेवलं, तेव्हा याच संघटनेनं जाहीर हरकत घेतली. उपचार न झालेल्या आजाराची बाजू त्या चर्चेत फारशी आलीच नव्हती.

निर्णय कोणताही असो, एका रात्रीत गोळी तोडू नये. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, रडू येणं असा त्रास होतो, आणि पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनमध्ये तो जास्त. घाईत फारसं हातीही लागत नाही. पाळी चुकल्याचं कळून चाचणी होईपर्यंत पाचवासहावा आठवडा लागलेला असतो आणि तोवर बाळाच्या हृदयाची घडण सुरू झालेली असते. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी तर बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात राहते. म्हणून हा विषय काढायची उत्तम वेळ म्हणजे मूल हवं असं ठरतं तेव्हा. आयुर्वेदिक किंवा ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारी मनःशांतीची औषधंही परस्पर सुरू करू नका. गरोदरपणात त्यांची तपासणी या गोळ्यांच्या पासंगालाही पुरणारी नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही. शेवटच्या तिमाहीत शरीरातलं रक्त आणि पाणी वाढतं, यकृतही काही औषधं जास्त वेगानं बाहेर टाकतं. त्यामुळे तोच डोस अपुरा पडू लागतो. सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा उदास वाटू लागलं तर गोळी निकामी झाली असं समजू नका, डॉक्टरांना सांगा; डोस थोडा वाढवावा लागू शकतो. अर्धी गोळी घेऊन ‘बाळाला अर्धाच धोका’ असा हिशेब करणाऱ्यांना तर बाळाला औषधही मिळतं आणि आईला आजारही.

याच सुमारास आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. शहर बदलतं, प्रसूतीचे डॉक्टर बदलतात, मानसोपचारतज्ज्ञ मात्र सासरच्या गावी राहतात. माहेरच्या फाइलमध्ये या गोळ्यांचा उल्लेखच नसतो, कारण आईवडिलांसमोर ते सांगायची लाज वाटलेली असते. निघण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांकडून गोळीचं नाव, डोस आणि आजाराचा इतिहास एका कागदावर लिहून घ्या, दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत ठेवा आणि तो कागद नव्या डॉक्टरांच्या हातात द्या. ॲनॉमली स्कॅन (बाळाची घडण तपासणारी सोनोग्राफी), बीपी, शुगर हे सगळं नेहमीप्रमाणेच होतं.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आजार उलटण्याच्या दृष्टीनं गरोदरपणापेक्षाही नाजूक असतात, तेव्हा ‘आता सुटका झाली’ म्हणून गोळी बंद करायची ही वेळ नव्हे. सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं; पाजणाऱ्या बाळाच्या रक्तात ते बहुतेक वेळा मोजण्याइतकंही सापडत नाही. गोळी चालू असताना अंगावर पाजता येतं. बाळंतिणीला रात्रीची सलग चार-पाच तासांची झोप मिळाली तर तिचाही मोठा उपयोग होतो. एका वेळचं दूध काढून ठेवून नवऱ्यानं किंवा आजीनं पाजलं तरी बाळंतीण आणि बाळ दोघांचं नीट चालतं. घरातल्या माणसांनी एवढं करावं, आणि ती गप्प गप्प राहू लागली, बाळाकडे बघेनाशी झाली किंवा ‘माझ्यावाचून तुमचं बरं चालेल’ असं बोलू लागली तर सव्वा महिना संपायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. रात्रीअपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, आणि तिथं मराठीतही बोलता येतं.